झोळी, ताडपत्री आणि रात्रीचा मुक्काम

आपल्याकडे झोळीला खूप कामं आहेत. तान्ह्या बाळाला निजवायची झोळी, फकिराच्या खांद्यावरची झोळी, रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजारी माणसाला खाली आणायची झोळी. उर्दूच्या तासाला ‘झोली’ हा शब्द आला की मी मुलांना हे सगळं सांगते आणि मराठीच्या तासाला ‘झोळी’ आली की पुन्हा तेच सांगते. ल आणि ळ एवढाच काय तो फरक. गेल्या काही वर्षांत माझ्या यादीत आणखी एका झोळीची भर पडली आहे: दोन झाडांमध्ये बांधून मोठ्या माणसानं रात्रभर झोपायची झोळी. दुकानदार तिला हॅमॉक म्हणतात. शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांचा. कोलंबसानंतर स्पॅनिश लोकांनी शब्द आणि वस्तू दोन्ही उचलल्या, त्यांच्याकडे ‘हमाका’ झालं, आणि पुढे इंग्रजांच्या जहाजांवर खलाशी शेकड्यांनी त्यातच झोपू लागले. तिरपाल हा उर्दू शब्दही असाच, इंग्रजी टारपॉलिनमधून आलेला. मराठी ताडपत्रीत मात्र मला नेहमी ताडाचं पान ऐकू येतं.

पावसाळा सरत आला की आमच्या स्टाफरूममध्ये मला एकच प्रश्न येतो. ‘बाजी, झोळी कोणती घेऊ?’ विचारणाऱ्या बहुतेक आया असतात. मुलीसाठी किंवा मुलासाठी विचारतात. या प्रश्नामागे एक दुसरा प्रश्न असतो, तो त्या दार लोटून घेऊन विचारतात. दोन्हींची उत्तरं एकदाच लिहून ठेवते.

आमची हुमा मालेगावच्या अशा मोहल्ल्यात वाढली जिथे लूमच्या खडखडाटात बाळं झोपतात आणि लूम बंद पडले की जागी होतात. सटाण्याच्या पुढे गेलं की बागलाणचे डोंगर सुरू होतात. साल्हेर त्यातच आहे, १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. आमच्या गल्लीतल्या किती जणांनी तो पाहिलाय, असं विचारलं तर एका हाताची बोटंही पुरून उरतील. कॉलेजात गेल्यावर हुमा ट्रेकला जाऊ लागली. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, तोवर कुणाची काही हरकत नव्हती. मुक्कामी ट्रेकचा विषय निघाला तेव्हा घरात बैठक बसली. माझ्या नणंदेनं महरमचा मुद्दा काढला. तो लवकर मिटला, कारण हुमाचे अब्बू स्वतःच जायला तयार होते. त्यांना तर निमित्तच हवं होतं. मीही जाणार होते. उरला तो दुसरा प्रश्न. रात्री मुलगी झोपणार कुठे, कुणाच्या शेजारी, कुणाच्या दारात?

सह्याद्रीत फिरणारे लोक साधारण चार ठिकाणी झोपतात: किल्ल्यावरच्या गुहेत, देवळात, पायथ्याच्या गावात कुणाच्या घरी, किंवा तंबूत. गुहा आधीच भरलेली असते. देवळात पथारी पसरायला आमच्या मुलीला संकोच वाटतो, आणि तिच्या डोक्यावरचा स्कार्फ बघून समोरच्यालाही वाटतो. कुणी वाईट वागत नाही. पण रात्री नऊ वाजता, पाय दुखत असताना, दोन्हीकडचा संकोच फार जड होतो. गावातल्या घरांचा अनुभव बहुतेक वेळा चांगलाच आहे, भाकरी आणि पिठलं प्रेमानं वाढलेलं आहे. एकदा मात्र फोनवर ठरलेली खोली आधार कार्डावरची नावं वाचल्यावर एकाएकी ‘भरली’. ती जागा कुठली हे सांगून काही उपयोग नाही. अशी गोष्ट घडल्यावर माणूस पुढच्या वेळी फोन करतानाच आपलं नाव जरा हळू उच्चारतो, एवढंच सांगते. आणि तंबू म्हणाल तर दोघांच्या तंबूत तिघी, कुणाची कोपरं कुणाच्या बरगड्यांत.

तेव्हा मी ठरवलं की आपलं छप्पर आपल्या पाठीवर असावं. कुणाचं दार ठोठवावं लागू नये. तिथून झोळी आणि ताडपत्रीचा शोध सुरू झाला.

पहिली गोष्ट, जी दुकानदार कधीच सांगत नाही: झोळीला झाडं लागतात. हसू नका. आमच्याकडचे किल्ल्यांचे माथे बोडके आहेत. साल्हेरच्या माथ्यावर झोळी घेऊन गेलात तर ती उशाला घेऊन झोपावं लागेल. झोळीची जागा पायथ्याशी, आमराईत, ओढ्याकाठच्या झाडीत. शिवाय अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी ताडपत्री घ्या, मग झोळी. ताडपत्री झाड नसलं तरी दोन काठ्यांवर उभी राहते, खाली चटई टाकली की झोपता येतं. छपराशिवाय झोळी मात्र फक्त दुपारच्या डुलकीची. पैसे मोजकेच असतील तर झोळी स्वस्तातली घ्या, ताडपत्रीवर खर्च करा. स्टाफरूममध्ये बहुतेक जणी नेमकं उलटं करतात, कारण झोळीचे फोटो सुंदर येतात.

आता कापडाबद्दल. इथे मला उस्ताद घरातच मिळाला.

अब्बांनी चाळीस वर्षं लूम चालवले. आमचे पूर्वज १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांपैकी. हातमाग गेला, पॉवरलूम आला, पण कापड हा घरातला विषय राहिला. अम्मी कांड्या भरायची, आम्ही मुली शाळेतून आलो की तिच्या शेजारी बसायचो. मुक्कामाच्या बैठकीत अब्बा गप्प होते. त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी बोलून दाखवला नव्हता. रात्री झाडाखाली झोपू नये, असं त्यांच्या आईनं त्यांना सांगितलं होतं, जिन्नातची वस्ती असते म्हणून. पार्सल आलं आणि हुमानं झोळी बाहेर काढली तेव्हा मात्र त्यांचा हात आपोआप पुढे आला. अंगठा आणि तर्जनीमध्ये कापड चोळलं. उजेडासमोर धरलं. मग ताण्याच्या दिशेनं ओढलं, बाण्याच्या दिशेनं ओढलं. दोन्हीकडे कापड जागचं हललं नाही. शेवटी समोरासमोरचे कोपरे धरून तिरकं ओढलं आणि ते लांबलं.

‘सीधे में नहीं, कपड़ा तिरछे में नरम होता है,’ ते म्हणाले. ‘इसमें तिरछी सोना.’

झोळी विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकांत चार पानं खर्चून जे सांगितलेलं असतं ते हेच. झोळीत सरळ झोपलं की शरीर केळ्यासारखं वाकतं, गुडघे ताठ होतात, पाठ सकाळी तक्रार करते. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला, असं कर्णावर झोपलं की कापड पसरतं आणि पाठ जवळजवळ सपाट होते. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये घरोघर झोळीत झोपतात, तेही असंच तिरकं झोपतात. पण तिरकं झोपायला झोळी पुरेशी लांब आणि रुंद हवी. बाजारात सर्रास मिळणारी पावणेतीन मीटर लांबीची झोळी बसायला ठीक, फार तर मुलांना झोपायला ठीक. मोठ्या माणसाला रात्र काढायची तर सव्वातीन-साडेतीन मीटर लांबी आणि दीड मीटरच्या आसपास रुंदी बघा. ‘डबल’ असं लिहिलेली झोळी दोघांसाठी नसते. ती एकाच माणसाला ऐसपैस होते. दोघं झोपलात तर दोघंही मध्यभागी एकमेकांवर घसरत येता आणि रात्रभर भांडता.

कापडावरचे आकडे वाचायला शिका, ते अवघड नाहीत. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ७० डेनियरचं नायलॉन झोळीला पुरे होतं. २१० टी म्हणजे चौरस इंचात ताणा-बाणा मिळून २१० धागे. रिपस्टॉप म्हणजे ठरावीक अंतरावर जाड धागा घालून विणलेलं चौकटींचं कापड. एखादी चौकट फाटली तरी फाट पुढच्या जाड धाग्यापाशी अडते. स्वस्त झोळ्या तीन पट्टे जोडून शिवतात. तिथली शिवण उजेडासमोर धरा. सुईच्या भोकांतून प्रकाशाचे मोठे ठिपके दिसले तर ती झोळी खाली ठेवा. सुती कापडाची झोळी अंगाला गोड लागते, पण पाणी पिते, जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. घराच्या अंगणात ठीक.

नायलॉन ताण खातं, ओलं झालं की आणखी सैल पडतं. झोळीत ही गोष्ट चालते, किंबहुना थोडी हवीच. ताडपत्रीत आणि पट्ट्यांत चालत नाही. नायलॉनची ताडपत्री संध्याकाळी नगाऱ्यासारखी ताणली असली तरी पावसात मध्यरात्री तिचं पोट सुटतं, तिथे पाणी साचतं. म्हणून ताडपत्री पॉलिएस्टरची, आणि झाडाला बांधायच्या पट्ट्याही पॉलिएस्टरच्या.

पट्ट्या निदान एक इंच रुंद असाव्यात. दोरी थेट झाडाला बांधू नका. ती सालीत रुतते, आणि झाड कुणाच्या तरी शेतातलं असतं, त्यावर त्याच्या घरातल्या लग्नाचा खर्च निघत असतो. कडी घेणार असाल तर तिच्यावर किलोन्यूटनचा आकडा कोरलेला आहे का बघा. किल्ल्या अडकवायच्या शोभेच्या कड्या झोळीला चालत नाहीत.

माणसं झोळी ताठ बांधतात. खाटेसारखी दिसावी, असं वाटतं. आमच्या गणिताच्या सरांनी फळ्यावर आकृती काढून दाखवलं तेव्हा मला हे नीट कळलं. पट्टी जमिनीला समांतर रेषेपासून ३० अंश खाली झुकलेली असेल तर प्रत्येक बाजूच्या पट्टीवर तुमच्या वजनाएवढाच ताण येतो, कारण साइन ३० बरोबर अर्धा. साठ किलोच्या माणसासाठी एकेका बाजूला साठ किलो. तीच पट्टी ताठ ओढून १५ अंशांवर आणली की ताण ११६ किलोच्या आसपास जातो, १० अंशांवर १७३, आणि ५ अंशांवर साडेतीनशेला टेकतो. माणूस तोच, वजन तेच. कड्या तुटतात, शिवणी उसवतात, त्या बहुतेक अशाच. कोन मोजायला काही लागत नाही. हाताचा अंगठा वर आणि तर्जनी आडवी धरा, दोन्हींच्या टोकांना जोडणारी रेघ साधारण तीस अंशांची असते. ती पट्टीशी जुळवून बघा. झाडं चार ते पाच मीटर अंतरावर, पट्टी डोक्याच्या उंचीला, आणि बसल्यावर जमीन खुर्चीतून असते तेवढ्याच अंतरावर. त्याहून उंच बांधायची हौस करू नका. पडलात तर दीड फुटावरून पडावं. पायांकडची बाजू एक वीत उंच ठेवली की रात्रीतून शरीर पायांकडे घसरत नाही.

झाड निवडताना आधी वर बघा. वाळकी फांदी असेल तर तिथून उठा. खोड मांडीहून जाड हवं. शेवगा दिसायला उंच, पण लाकूड ठिसूळ, त्याला कधीच नाही. आंबा, जांभूळ उत्तम, फक्त लाल मुंग्यांची घरटी तपासून घ्या. मे महिन्यात वळवाचं आभाळ भरून आलं असेल तर मोकळ्या माळावरच्या एकट्या झाडापासून लांब राहा. विजेच्या बाबतीत शौर्य दाखवू नये.

ताडपत्रीकडे येते. कांद्याच्या चाळीवर टाकतात ती पिवळी-निळी ताडपत्री सर्वांना माहीत आहे. ती जीएसएमवर विकली जाते, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. १२० जीएसएमची तीन बाय तीन मीटर ताडपत्री किलोभराच्या थोडी वर जाते, २५० ची सव्वादोन किलो. पाऊस ती उत्तम अडवते. वाऱ्यात रात्रभर फडफडते, घडी घातली की सुटकेसएवढी होते. तरी पहिल्या वर्षी हीच वापरून बघायला हरकत नाही. शंभर दुकानांत मिळते आणि फाटली तर जीव जळत नाही. ट्रेकिंगसाठी बनवलेली पॉलिएस्टरची, आतून पीयूचा लेप दिलेली ताडपत्री मुठीत मावेल एवढी लहान होत नाही, पण निम्म्या जागेत बसते. सिलिकॉनचा लेप असलेली त्याहून हलकी आणि त्याहून महाग.

आकारात काटकसर करू नका. साडेतीन मीटरच्या आतबाहेरची झोळी ३० अंशांवर बांधली की तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर पावणेतीन मीटरच्या पुढे जातं. तीन मीटरची ताडपत्री टाकली तर दोन्ही टोकांना वीतभरही उरत नाही, आणि आपला पाऊस सरळ पडत नाही. ती चौकोनी ताडपत्री कर्णावर बांधली तर शेंडी सव्वाचार मीटरची होते, डोकं आणि पाय झाकले जातात, पण कुशी उघड्या पडतात. थंडीच्या दिवसांत, नुसतं दव अडवायला, हे चालतं. पावसासाठी आम्ही चार बाय तीन मीटरची घेतली. कापडावर २,००० किंवा ३,००० मिलीमीटर असा आकडा असतो. म्हणजे तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते गळत नाही. गळतं ते मधल्या शिवणीतून. अब्बांनी ताडपत्री गच्चीवर बांधायला लावली, टाकीचा पाइप आणला आणि अर्धा तास शिवणीवर पाणी सोडलं. खाली हुमा कोरडा पेपर घेऊन उभी होती. दोन ठिकाणी ठिपके आले. तिथे शिवणीवर सीलंट लावला.

आणखी एक बारकी गोष्ट. पाऊस झाडाच्या खोडावरून पट्टीवर येतो आणि पट्टीवरून चालत चालत थेट तुमच्या झोळीत. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला, झोळीच्या थोडं आधी, पट्टीला सुतळीचा तुकडा बांधून लोंबत सोडा. पाणी तिथून खाली गळतं. पाच पैशांचा इलाज. दोऱ्यांना सुरगाठ मारा, निरगाठ नको. सुरगाठ अंधारात, ओल्या बोटांनी, एका ओढीत सुटते. निरगाठ सकाळी दातांनी सोडवावी लागते, आणि दात या वयात जपावे लागतात.

रंगाबद्दल बोलते. लष्करी छापाची, हिरवट-तपकिरी डागांची ताडपत्री सगळ्यात स्वस्त मिळत होती. दुकानदारानं खूप कौतुक केलं, जंगलात दिसणारच नाही म्हणाला. मी ती हातातही घेतली नाही. आपण जंगलात दिसू नये, अशी माझी अजिबात इच्छा नव्हती. आम्ही नारिंगी घेतली. अर्ध्या कोसावरून दिसते. कुणी लपून बसलंय असं कुणाला वाटायला नको. का, ते माझ्या वाचकांना समजावून सांगायला नको.

त्याच कारणानं आम्ही संध्याकाळ व्हायच्या आत गावात जातो, पोलीस पाटलांना भेटतो, आधार कार्डाची झेरॉक्स देतो, कुठे बांधणार आहोत ते सांगतो. ज्याची आमराई त्याला विचारतो. हुमाच्या मैत्रिणींना हे करावं लागत नाही. एकदा तिनं विचारलं, ‘अम्मी, आपणच का?’ मी तिला म्हटलं, करायला सगळ्यांनीच हवं. ते खरंच आहे, रात्री कुणाला साप चावला तर गावात आपली नोंद असलेली बरी. तिच्या प्रश्नाचं ते पूर्ण उत्तर नव्हतं, हे तिलाही कळलं आणि तिनं पुढे विचारलं नाही. मुल्हेरच्या पायथ्याशी मात्र गंमत झाली. पाटील झेरॉक्स घेऊन गेले आणि तासाभरानं बायको, सून आणि दोन नातवंडांना घेऊन परत आले, नारिंगी घर बघायला. नातवंडांनी झोळीतून उतरायला नकार दिला. जाताना सूनबाई हुमाला म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी आमच्याकडेच झोपा, पण ही झोळी आणा.’

तर स्टाफरूममधला दुसरा प्रश्न, दार लोटून विचारला जाणारा. मुलीची सोय कशी होते? आपल्याकडे परद्याचा विषय निघाला की लोक फार मोठमोठं बोलतात. डोंगरात तो अगदी साधा असतो: कपडे कुठे बदलायचे, आणि झोपेत स्कार्फ सरकला तर कुणी बघत नाही ना. ताडपत्री दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत खाली ओढली, टोकांना चादर चिमट्यांनी लावली की ती खोली होते. झोळी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे कुणाच्या शेजारी हा प्रश्नच उरत नाही. माझी झोळी आणि हुमाची झोळी एकाच ताडपत्रीखाली वर-खाली बांधता येतात का, हे आम्ही करून पाहिलं. येतात, पण खालच्या माणसाला वरच्याची कंबर दिसत राहते. दोन झोळ्या शेजारीशेजारी बांधायच्या तर ताडपत्री आणखी मोठी हवी, किंवा दोन हव्यात. आमच्याकडे आता दोन आहेत. हुमाचे अब्बू दुसऱ्या ताडपत्रीखाली, बारा पावलांवर, त्यांच्या घोरण्यासकट.

नमाजचीही यात छान सोय निघाली. आपल्या भागात पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. म्हणून ताडपत्रीची पश्चिमेची कड जमिनीलगत बांधायची आणि पूर्वेची कड दोन काठ्यांवर उचलून पडवी करायची. किब्लाही आपल्याला पश्चिमेलाच, किंचित उत्तरेकडे. पडवीत चटई टाकली की तोंड आपोआप उताराच्या बाजूला येतं, वारा आणि पाऊस समोर अडलेला, पाठीमागे उजाडत असतं. दोघींची फज्र त्यात कोरडी होते. थंडीत वारा उत्तरेकडून, पूर्वेकडून फिरतो, तेव्हा बांधणी बदलावी लागते. तेव्हा पाऊस नसतो, आभाळाखाली पढता येते. वुजूचं पाणी मात्र रात्रीच बाटलीत भरून ठेवा. पहाटे ओढ्यावर जायला नको.

थंडीबद्दल विक्रेते नीट सांगत नाहीत. झोळीत थंडी खालून लागते. पांघरूण कितीही जाड असलं तरी पाठीखाली ते दबतं, दबलं की त्यातली हवा जाते आणि ऊब त्या हवेतच असते. डिसेंबरात बागलाणात रात्री चांगलाच गारठा असतो. झोळीत फोमची चटई घातली की बरंच भागतं, फक्त ती रात्रभर घसरत राहते. खरा उपाय म्हणजे झोळीच्या बाहेरून, खाली, न दबता लोंबणारी दुलई. विकत घ्यायला गेलात तर झोळी आणि ताडपत्री दोन्हींच्या किमतीला भारी पडते. मी सासूबाईंची जुनी हलकी दुलई घेतली, लांब कडांना नेफा शिवला, त्यातून लवचीक दोरी ओवली आणि झोळीखाली टांगली. सासूबाईंनी ती शिवली तेव्हा तिचं पुढे असं काही होईल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. डासांसाठी जाळी हवीच, आणि जाळी असूनही डास खालून कापडातून चावतात. दुलई खाली असली की तेही थांबतं.

सगळं मिळून हुमाच्या पिशवीत झोळी, पट्ट्या, जाळी, ताडपत्री, दोऱ्या आणि खुंट्या अडीच किलोच्या आसपास भरतं. सह्याद्रीच्या मुरमाड जमिनीत खुंट्या अर्ध्याच शिरतात, म्हणून त्या कमी नेल्या तरी चालतं. दोरीला दगड बांधायचा. दगडांची आपल्याकडे कमी नाही.

अब्बा अजून एकदाही आले नाहीत. दम्यामुळे चढ झेपत नाही असं सांगतात, आणि ते खरं आहे, लूमच्या कापसानं फुप्फुसं भरली आहेत. पण आमराईत यायला चढ नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून विचारलं, पाच मीटर अंतरावरची दोन झाडं मुल्हेरला रस्त्यापासून किती लांब आहेत? मी म्हटलं, गाडी थेट जाते. मग ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून चार मीटर नायलॉन घेऊन आले, सुरतेचा माल, सत्तर डेनियर, रिपस्टॉप. उभं, आडवं, तिरकं ओढून दाखवलं.

घरी झोळी शिवणं सलवार शिवण्याहून सोपं आहे. दोन्ही लांब कडा दुमडून दुहेरी शिवण मारायची. दोन्ही टोकांना सलवारीसारखा नेफा, फक्त नाडीच्या जागी जाड दोरी ओवून गच्च आवळायची. धागा पॉलिएस्टरचा घ्या, सुती धागा ओलाव्यानं कुजतो. शुक्रवारी लूम बंद असतात, वीजही नीट मिळते. तेव्हा मशीनवर बसणार आहे.